नाव हरवलेल्या फायली

फाईल हरवणे आणि फाईलचे नाव हरवणे या दोन वेगवेगळ्या आपत्ती आहेत. पहिलीची धास्ती सर्वांनाच असते. दुसरी काय चीज आहे ते मला २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत कोसाडला कळले.

कोसाड म्हणजे सुरतेहून अहमदाबादकडे जाताना तापीचा पूल ओलांडल्यावर उत्राणच्या पुढचे स्टेशन. माझे मामा तिथल्या एका एम्ब्रॉयडरीच्या खात्यात मेहताजी आहेत. खाते म्हणजे कारखाना आणि मेहताजी म्हणजे हिशेबनीस. सुरतेत स्थायिक झालेल्या माणसाची मराठी अशी हळूहळू रंग बदलते. त्यावर कुणी हसू नये. सीमाभागातले आपण तरी कुठे सोवळी मराठी बोलतो?

१४ ऑक्टोबरला विंडोज १० ला मिळणारी नेहमीची डागडुजी बंद झाली. त्या भीतीने शेठनी त्याच आठवड्यात एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने संगणक ‘साफ’ करून नवी प्रणाली बसवली आणि पैसे घेऊन तो गेला. साफ म्हणजे किती साफ, ते दुसऱ्या दिवशी दिसले. जुन्यावरच नवी प्रणाली चढवली असती तर फायली जागच्या जागी राहिल्या असत्या. फॉरमॅट न करता नव्याने बसवली असती तरी जुना संसार ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरात काही दिवस बांधून ठेवलेला मिळाला असता. इथे डिस्कच फॉरमॅट झाली होती. अर्थात, ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका नव्या आवृत्तीने काही लोकांच्या फायली पुसल्या, तेव्हा मायक्रोसॉफ्टलाही तिचे वाटप थांबवून ती नोव्हेंबरात पुन्हा द्यावी लागली होती. तिथे एकट्या दुरुस्तीवाल्याला काय बोलावे!

धंद्याच्या हिशेबाची मामांना फारशी काळजी नव्हती. टॅलीची प्रत सीएंकडे होती, विक्रीची विवरणे जीएसटीच्या पोर्टलवर होती. वार्षिक विवरणपत्राच्या ठरलेल्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावेत असा कायदाच आहे. त्यामुळे सरकारला हवा तो कागद चार ठिकाणी सापडतो. एकाच ठिकाणी होती ती कारीगरांच्या उपाडाची फाईल. उपाड म्हणजे आपली उचल. कुणी बहिणीच्या लग्नासाठी घेतलेली, कुणी खोलीच्या भाड्यासाठी. आणि ती मजुरीतून थोडीथोडी वळती होणारी. दिवाळीला हिशेब चुकता करून माणसे गावी जाणार होती. शेठ म्हणाले, “आठवेल तेवढे धरू.” कुणाला आठवेल तेवढे, हे मात्र कुणी मोठ्याने विचारले नाही.

संगणक फायलींची एक सूची ठेवतो: नाव काय, डिस्कवर जागा कुठली. झटपट फॉरमॅट ती सूची कोरी करतो. मजकूर मात्र त्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत बहुधा तसाच पडून असतो. म्हणून आधी संगणक बंद करवला. सुदैवाने डिस्क जुन्या धर्तीची, फिरणारी होती. एसएसडी असती तर रिकाम्या ठरलेल्या जागा तिने आपणहून पुसून टाकल्या असत्या आणि मी हात चोळत बसले असते. ती डिस्क काढून मामेभावाच्या संगणकाला जोडली, फोटोरेक हा फुकट मिळणारा प्रोग्राम लावला आणि सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले. नाव फोटोरेक असले तरी तो फक्त फोटो शोधत नाही. फाईलच्या आरंभीची ठेवण ओळखून ती बाहेर काढतो. रात्रभर यंत्र चालू होते.

सकाळी पाहतो तो पाचशे-पाचशे फायलींची फोल्डरे, आणि प्रत्येक फाईलचे नाव म्हणजे एफ आणि पुढे आकडे! सूचीच गेली, तर नाव कुठून येणार? नुसत्या एक्सेलच्या फायली अकराशेवर भरल्या. त्यात उपाडाच्याच कितीतरी जुन्या प्रती, आणि शेवटची कोणती ते कळायला मार्ग नाही. त्यातून मामांनी माणसांची नावे गुजरातीच्या जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये लिहिलेली. तो फाँट या संगणकावर नव्हता, त्यामुळे पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. (जुन्या ‘नुडी’त टाईप केलेल्या कन्नड फायली उघडणाऱ्यांना हा अनुभव नवा नसेल.)

मग मामा खुर्ची ओढून बसले आणि रकमांवरून माणसे ओळखू लागले. “हे सतरा हजार... आईच्या ऑपरेशनचे. लिही नाव.” दोन संध्याकाळी मी फायली उघडत गेले आणि ते सांगत गेले. फाँटवाचून, नावावाचून त्या माणसाला चाळीस जणांचे संसार पाठ होते!

सर्वांत अलीकडची प्रत सप्टेंबरअखेरची निघाली. पुढचे दिवस कोरेच होते. मामांनी कारीगरांना एकेक करून बोलावले. कुणी खिशातली डायरी काढली, कुणी मोबाईलवर टिपून ठेवलेले आकडे दाखवले. एकाच्या डायरीत त्याच्याच नावावर, फाईलमध्ये नसलेला, दोन हजारांचा उपाड होता. त्याने तो न विचारता वाचून दाखवला. शेठ समोरच बसले होते. त्यानंतर त्यांनी एकाही डायरीवर शंका काढली नाही.

मामा आता दर शनिवारी प्रत्येकाला त्याच्या हिशेबाची छापील चिठ्ठी देतात. शेठना हा कागदाचा खर्च अजून रुचलेला नाही.