पत्ता

जूनमधली गोष्ट. पहिला जोराचा पाऊस पडून गेला होता. रात्री साडेदहाला इंटरकॉम वाजला. "काकू, पार्किंगात लई मोठा कोळी आलाय. विषारी दिसतोय. मारू का?"

मी खाली पोचले तोवर वॉचमनकाकांचा झाडू वर गेलेलाच होता. बशीएवढा आहे असं वर आल्यावर मी घरात सांगितलं, पण खरं तर चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा जरासाच मोठा असेल. काळपट तपकिरी, अंगभर लव, पाय लांब आणि काटकुळे, पोट अगदी बारकं. डाव्या बाजूचा एक पाय तुटलेला. सात पायांवर दोन पावलं जायचा, थांबायचा, पुढचे पाय उचलून फरशी चाचपायचा. आमच्यात त्याला काडीचा रस नव्हता.

'तो' म्हणतेय ते जाणूनबुजून. पावसाच्या तोंडावर असा उघड्यावर हिंडताना दिसतो तो टारांटुला बहुधा नर असतो. शेवटची कात टाकून वयात आला की तो बीळ सोडतो, ते कायमचंच. त्याआधी रेशमाची एक लहानशी चादर विणतो, तिच्यावर वीर्याचा थेंब सोडतो, तोंडाशी पायांसारखे जे दोन अवयव असतात त्यांच्या टोकांत तो भरून घेतो आणि मादीच्या शोधात निघतो. खाण्याकडे फारसं लक्ष राहत नाही. आयुष्य उरलेलं असतं थोडंच.

काकांनी त्याला सुपलीत घेऊन मागच्या चढाकडे सोडलं. येताना म्हणाले, "कोळी म्हनायचं, अन् जाळं न्हाई. ह्यो कसला कोळी?"

प्रश्न रास्त होता. दिवाळीच्या साफसफाईत आपण जी जळमटं काढतो ती करणारे कोळी वेगळे. हे लोक जुन्या घराण्यातले. यांचे सुळे चिमट्यासारखे समोरासमोर येत नाहीत, कुदळीसारखे वरून खाली उतरतात. डोळे आठ, पण दिसतं बेताचंच. सगळा कारभार पायांवरच्या केसांना कळणाऱ्या कंपनांवर चालतो. अमेरिकेतले यांचे बरेच भाईबंद पोटावरचे खाजरे केस शत्रूच्या अंगावर उडवतात. आपल्याकडच्यांना ती सोय नाही, म्हणून ते पुढचे पाय उगारून उभे राहतात. चावले तर चांगलंच दुखतं, पण आपण हात घातला नाही तर ते चावायला येत नाहीत.

नर इथवर आला म्हणजे मादी जवळपास असणार, असं माझं साधं गणित. आमच्या सोसायटीमागे टेकडी कापून रस्ता केलाय. कुठली टेकडी ते सांगणार नाही. पुण्यात टेकड्या पुष्कळ, त्यातली एक समजा. कापलेल्या कडेला मुरुमाची उभी दरड आहे, वर गवत, मध्ये कुठे कुठे घाणेरीची मुळं लोंबतात. चार रात्री टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून तिथे फिरले. लाल उजेड त्यांना जवळजवळ जाणवत नाही. पाचव्या रात्री ती सापडली.

आठ आण्याच्या जुन्या नाण्याएवढं भोक. त्याच्या कडेला रेशमाचं पांढुरकं अस्तर, आणि ते बाहेर मातीवरही बोटभर पसरलेलं, जणू दारासमोर सतरंजी टाकलीय. त्या सतरंजीवर पावसाचे थेंब न फुटता बसले होते. आत, काठावर टेकलेली पायांची दोन टोकं. बस, तेवढंच दिसत होतं. मी गवताची काडी सतरंजीच्या अगदी कडेला टेकवली. काही नाही. पुन्हा टेकवली, जरा थरथरवली, आणि ती बाहेर आलेली मला दिसलीच नाही. काडी आत ओढल्याचा हिसका बोटांना लागला तेव्हा कळलं. मग काडी सुटली. अशी फसवणूक तिला परवडणारी नाही, म्हणून पुन्हा कधी केली नाही.

आठवड्याभरानं जिन्याखाली एक मेलेला कोळी सापडला. पाय सगळे आत मुडपलेले, मूठ वळल्यासारखे. मोजले तर सात. कोळ्यांच्या पायांतल्या मुख्य सांध्यांना वाकवायला स्नायू असतात, सरळ करायला नसतात. तिथे रक्त दाबानं भरलं की पाय उघडतो. जीव गेला की दाब जातो आणि पाय मिटतात. ती त्याला भेटली की नाही, कोण जाणे.

तिचं नाव काय, असं लोक विचारतात. रेजिनाल्ड पोकॉक यांनी 1899 साली आपल्याकडच्या अशा काही कोळ्यांना लंडनमध्ये बसून, स्पिरिटच्या बाटल्यांतले नमुने पाहून नावं दिली. सह्याद्रीतल्या एका जातीला 'ट्रुक्युलेंटस' म्हटलं, म्हणजे भांडकुदळ. बाटलीतल्या मढ्यावर हा आरोप जरा जास्तच. नंतर पुण्यातल्या प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात बी. के. टिकादार यांनी कोळ्यांवर वर्षानुवर्षं काम केलं; भारतीय कोळ्यांवरचं त्यांचं हँडबुक 1987 साली निघालं. पण जात नक्की करायची तर नराचे ते तोंडाजवळचे अवयव नाहीतर मादीच्या पोटातल्या वीर्यकोशाचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. म्हणजे बहुधा तिला आधी मारावं लागणार. मी तिला 'मागची बाई' म्हणते.

आत्तापर्यंत माझे पाच पत्ते झाले. सदाशिव पेठेतल्या वाड्याची इमारत झाली, मग कर्वेनगर, मग कोथरूड, दोन वर्षं भाड्यानं औंध, मग इथे. ही मात्र लहानपणी उकरलेलं बीळच वाढवत बसते. अंग वाढलं, कात टाकली, की दार थोडं रुंद. ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन यांनी 1974 साली अशाच घराण्यातल्या झाकणवाल्या कोळ्यांच्या बिळांना नंबर दिले. त्यातली सोळा नंबरची मादी 2016 पर्यंत त्याच बिळात होती. वय 43 वर्षं. शेवटी झाकणाला भोक पाडून गांधीलमाशीच्या जातीतली एक शत्रू आत शिरली. माझ्या पाचही घरांचे ॲग्रीमेंट एकत्र केले तरी इतकं होत नाही.

मार्चच्या सोसायटी मीटिंगमध्ये त्या दरडीला सिमेंटचं अस्तर मारायचा विषय निघाला. माती रस्त्यावर येते, खरं आहे. मी हात वर केला आणि खाली घेतला. बोलायचं तर जागा दाखवावी लागणार, जागा दाखवली की फोटो निघणार, फोटो निघाला की ग्रुपवर जाणार. टारांटुला पाळण्याचा शौक असलेले लोक जगभर आहेत आणि त्यांना माल पुरवणारेही. शेवटी मी पावसाच्या पाण्यासाठी चर खणायचं सुचवलं, खर्चही कमी. कोटेशन्स मागवायची असं ठरलं; म्हणजे वर्षभर तरी काही होत नाही.

एप्रिलमध्ये तिनं दार मातीनं आणि रेशमानं बंद करून घेतलं. जून उजाडला, पाऊस झाला, दार उघडलं. परवा काका मला तिथे टॉर्च धरून उकिडवी बसलेली पाहून थांबले. तिच्या दारापासून वीतभर खाली मुरुमात पेन्सिलच्या जाडीची भोकं झाली होती, प्रत्येकाला रुपयाहून लहान सतरंजी.

काकांनी बोट न लावता मोजली. "अकरा," ते म्हणाले. मग खाली वाकून, "न्हाई, बारा. ह्ये बघा, ह्या मुळाच्या आड एक हाय."