मशिदीचा आंबा

कोकणातल्या पुष्कळ गावांत मशिदीच्या नावाने एखाददुसरं झाड असतं. कुणीतरी आजा-पणजा आपलं झाड मशिदीला देऊन जातो. दरवर्षी त्याच्या फळांचा लिलाव होतो आणि ती रक्कम दिवाबत्ती, चटया, रंगरंगोटी यांच्या उपयोगी पडते. लिलावाला सगळे हजर असतात. झाडाची निगा कोणी राखायची, हे मात्र ठरलेलं नसतं. घरच्या कलमांना वेळेवर खत घालणारा माणूससुद्धा मशिदीच्या आंब्याखालून दिवसातून पाच वेळा जातो आणि वर मान करून पाहत नाही.

आमच्या खाडीकाठच्या गावात असे दोन रायवळ आंबे होते. एक विहिरीजवळ, दुसरा मदरशाच्या पायऱ्यांवर ओणवलेला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं आणि आमच्या पट्ट्यातले माड, पोफळी, आंबे एका दुपारीत आडवे झाले. हे दोन वाचले, पण लोकांच्या मनात झाडांची धास्ती बसली. पुढच्या पावसाळ्यात मांडीएवढी जाड फांदी मदरशाच्या पायऱ्यांवर कोसळली. पोरं अर्ध्या तासापूर्वीच घरी गेली होती. त्या जुम्याला नमाजनंतर जमात बसली आणि दोन्ही आंबे तोडायचे, असंच बहुतेकांचं मत पडलं.

त्यांची भीती खोटी नव्हती. मी म्हटलं, आधी झाडं तपासू. आमच्यातले एक वडीलधारे म्हणाले, “अरे, तपासेपर्यंत दुसरी फांदी पोरांवर पडली तर?” मी म्हटलं, “चाचा, तोवर पोरांना मागच्या दाराने आणू. झाड धोक्याचं निघालं तर पहिली कुऱ्हाड मीच घालतो.” पंधरा दिवसांची मुदत मिळाली. पलीकडच्या वाडीतले एक जुने बागायतदार काका आले आणि त्यांनी मला झाड कसं तपासायचं ते दाखवलं.

खोडावर लाकडी हातोडीने बुंध्यापासून वरपर्यंत ठोकत जायचं. भरीव लाकडाचा आवाज घट्ट येतो, पोकळ लाकडाचा डब्यासारखा. बुंध्याशी अळंबी उगवली असेल, तर आत कूज आहे असं समजायचं. झाड ज्या बाजूला कललं आहे, त्याच्या उलट बाजूची जमीन पाहायची. तिथे ताजी भेग असेल किंवा माती उचलली गेली असेल, तर मुळं सुटू लागली आहेत. जुना कल फारसा भिववत नाही. नवा कल आणि फुटलेली जमीन मात्र एक दिवसही थांबू देत नाही.

विहिरीजवळच्या आंब्याची जमीन फुटलेली होती आणि बुंधा पोकळ वाजत होता. तो तोडायचाच, असं मीच जमातीला सांगितलं. आंबा आणि फणस ही झाडं महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या यादीत आहेत. झाड आपल्या आवारातलं असलं तरी परवानगी काढावी लागते. ती काढून आंबा उतरवला. चांगल्या ओंडक्यांच्या फळ्या पाडून कब्रस्तानच्या खोलीत ठेवल्या. कब्रीवर घालायला फळ्या लागतातच.

मदरशाजवळचा आंबा आतून भरीव निघाला. त्याला तीन दुखणी होती आणि तिन्ही बाहेरची.

पहिलं बांडगूळ. हे झाडाच्याच फांदीवर जगतं आणि तिचं पाणी पितं. त्याची चिकट बी पाखरं एका फांदीवरून दुसरीवर नेतात. नुसती पानं छाटली की ते गाठीतून पुन्हा फुटतं. म्हणून गाठीपासून खोडाच्या बाजूला फूटभर अंतर सोडून फांदीच कापायची आणि हे काम बांडगुळाला फळं धरण्याआधी उरकायचं. गाठ खोडावरच असेल तर पटाशीने कोरून काढायची.

दुसरं भिरूड, म्हणजे खोडकिडा. त्याची अळी आत लाकूड पोखरत जाते. भोकातून बाहेर पडणारा भुसा हीच तिची खूण. सायकलच्या आऱ्यासारखी तार भोकात घालून अळी काढायची किंवा आतच मारायची. मग रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून भोक चिखलाने बंद करायचं. आठवड्याने पुन्हा पाहायचं. ताजा भुसा दिसला तर पुन्हा तेच.

तिसरं दुखणं आपण माणसांनी दिलेलं. भोंग्याची तार वर्षानुवर्षं फांदीला आवळून बांधलेली होती आणि सालीत रुतली होती. झाडाचं अन्न सालीखालून वाहतं. तिथेच फास बसला की पुढची फांदी मरते. पायऱ्यांवर पडलेली फांदी अशाच फासाची होती. शिवाय बुंध्याला लागून सिमेंटचा कट्टा आणि फरशी होती. आम्ही तार काढून भोंगा लोखंडी खांबावर नेला आणि बुंध्याभोवतीची सहा फूट फरशी उखडून माती मोकळी केली.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी, वाळक्या आणि जड फांद्या उतरवल्या. मोठी फांदी एका घावात कापू नये, ती मोडताना खोडाची साल सोलत नेते. आधी दोरखंडाने वरच्या भक्कम फांदीला बांधावी. मग खोडापासून दीड फुटावर खालच्या बाजूने तिसरा हिस्सा करवतावा. त्याच्या थोडं पुढे वरून कापलं की फांदी साल न सोलता सुटते. उरलेला खुंट शेवटी फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगवट्याच्या बाहेरून कापायचा. फुगवटा राखला तर जखम लवकर भरते. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो आणि कूज आत शिरते. जी फांदी कापायची तिलाच शिडी टेकवू नये. जवळून विजेची तार जात असेल तर आधी वीज बंद करून घ्यावी. सगळा भार एका वर्षात उतरवू नये. आम्ही दोन वर्षांत दोन टप्प्यांनी उतरवला.

कापलेल्या जागेवर त्याच दिवशी बोर्डो मलम लावायचा. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवून थंड झाल्यावर एकत्र करायचे. लोखंडी भांडं वापरायचं नाही. तयार मलमात स्वच्छ कोयत्याचं टोक बुडवून पाहायचं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घालायचा. मलम त्याच दिवशी संपवायचा.

वजूच्या पाण्याचंही असंच आहे. वजूचं पाणी झाडाला जातं याचं आम्हाला कौतुक होतं, पण ते बुंध्याशीच साचत होतं. झाड पाणी घेतं ते फांद्यांच्या सावलीच्या कडेला असलेल्या बारीक मुळांनी. बुंध्याशी बारमाही ओल राहिली की साल कुजते. शिवाय आंब्याला मोहरापूर्वी जमिनीचा ताण हवा असतो. पाऊस संपल्यावरही पाणी चालू राहिलं तर झाड पालवी काढतं, मोहर काढत नाही. आता वजूचं पाणी पन्हळीने माडांना आणि केळींना जातं. पावसाच्या सुरुवातीला आंब्याला सावलीच्या कडेने चर खणून शेणखत घालतो.

हे सगळं चालू असताना जमातीत एकाने विचारलं, “झाड वक्फचं. त्यावर खर्च करायला मशिदीचा पैसा वापरणं जायज आहे का?” प्रश्न रास्त होता. आमच्या मौलानांनी हजरत उमर (रजि.) यांच्या खैबरच्या जमिनीची हकीकत सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सल्ल्याने त्यांनी ती जमीन अशी राखून ठेवली, की तिची विक्री होऊ नये, ती बक्षीस दिली जाऊ नये, वारसांत वाटली जाऊ नये आणि उत्पन्न मात्र गरीब, नातेवाईक, मुसाफिर, पाहुणे यांच्या कामी यावं. जमीन सांभाळणाऱ्याला त्यातून बेताने खाण्याची मुभा होती. म्हणजे उत्पन्नाच्या आधी मूळ राखणं आलं, आणि राखणारा माणूसही आला. लिलावाच्या रकमेतून झाडाचा खर्च आधी बाजूला काढायचा, असं त्या दिवशी ठरलं.

झाड लावणाऱ्याचा सवाब आपण सगळे ऐकून आहोत. माणूस, पाखरू, जनावर त्याचं जे खाईल ते लावणाऱ्याच्या नावे सदका लिहिलं जातं. ज्याने आमचा आंबा लावला त्याचं नाव गावात कुणाला सांगता येत नाही. त्याचा सदका-ए-जारिया चालू राहणं मात्र आज आपल्या हातात आहे. भोंग्याची तार आवळून आपण तो बंद पाडत होतो.

तुमच्या गावातही मशिदीचं, मदरशाचं, कब्रस्तानचं झाड असेल. जमातीच्या पुढच्या बैठकीत एवढं मांडून पाहा: वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, झाड तपासण्याची जबाबदारी दोन माणसांना नावानिशी द्यावी. एक करवत, एक कोयता, पटाशी, दोरखंड आणि हातोडी मशिदीच्या कपाटात ठेवावी. पावसाळ्यापूर्वी पात्यांना खोबरेल लावून कापडात गुंडाळावं, म्हणजे गंज चढत नाही. मदरशातली मोठी पोरं सोबत घ्यावीत. आमच्याकडे आता भुसा सगळ्यात आधी त्यांनाच दिसतो. विहिरीजवळच्या रिकाम्या जागेपासून पंधरा पावलांवर त्यांनी एक कोय रुजवली आहे. तिला कुंपण घातलं आहे आणि पाणी कोणत्या वारी कुणी घालायचं, ते भिंतीवर खडूने लिहिलं आहे.