चार माणसांचा तंबू

तंबूच्या पिशवीवर मोठ्या अक्षरात एक आकडा छापलेला असतो. 2, 3, 4, 6. तेवढी माणसं आत झोपू शकतात, असा त्याचा अर्थ. आपण घरात किती माणसं आहोत हे सांगायला खरं तर कुणाला वेळ लागू नये. मला तीन आठवडे लागले.

महाडच्या घरात आम्ही चौघं राहतो. मी, सासूबाई, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. पाचवे मुलांचे अब्बा. ते चौदा वर्षं कुवेतला एका घरी ड्रायव्हर आहेत आणि दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांच्या रजेवर येतात. रेशनकार्डावर आम्ही पाच, ताटं मात्र रोज चारच मांडली जातात.

तंबूचं खूळ धाकट्याने आणलं. 2024 मध्ये 26 जानेवारी शुक्रवारी आला होता. शाळेत झेंडावंदन झालं की निघायचं, शनिवारची एक किरकोळ रजा टाकायची आणि रविवारी परत. घाट चढला की महाबळेश्वर, पलीकडे उतरलं की तापोळा, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर. जोडून आलेल्या सुट्टीत महाबळेश्वरच्या हॉटेलांचे दर ऐकून मी फोन ठेवून दिला होता. तापोळ्याचा एक शेतकरी मात्र आपल्या रानात तंबू लावू देत होता. संडास-बाथरूमची सोय, रात्री घरातलं जेवण, आणि शेजारीच त्याचं कुटुंब राहतं. बाई माणसाने मुलांना घेऊन एकटीने जायचं तर हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

तंबूचा माझा अनुभव म्हणजे बी.एड.च्या वर्षातलं दोन दिवसांचं शिबिर. तिथे जाड कापडाची राहुटी होती. ती उभी करायला आम्ही बारा जणी लागलो, आणि रात्री वाऱ्याने ती आमच्यावर बसली. त्यामुळे दुकानात जाण्याआधी माझी अट एकच होती : मला एकटीला उभा करता आला पाहिजे.

आता गंमत अशी की आमच्या घरात तंबूचा जाणकार आहे, फक्त तो इथे नसतो. कुवेतमध्ये नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत लोक वाळवंटात तंबू टाकतात. थंडी पडली की सुट्टीच्या दिवशी अख्खी कुटुंबं तिकडे जातात. पुरुषांच्या बैठकीचा तंबू वेगळा, बायकांचा वेगळा, स्वयंपाकाचा वेगळा. आत लाल नक्षीचं अस्तर, खाली गालिचे, बाहेर जनरेटर. मालकाच्या घरचे हे तंबू दर वर्षी ज्या माणसांच्या हातांनी उभे राहतात, त्यांत आमचे हे आहेत. चौदा हिवाळे. त्यांच्या फोनवर या तंबूंचे शंभर तरी फोटो असतील. धाकट्याच्या डोक्यात खूळ कुठून आलं ते वेगळं सांगायला नको.

तेव्हा सल्ला आलाच. "सहाचा घे," ते म्हणाले. "चारच्यात काय होणार?"

त्यांचं म्हणणं हिशेबाला धरून होतं. कंपनी माणूस मोजते तो खांद्याला खांदा लावून झोपणारा, कुशीवर न वळणारा, पिशवी-चपला-पाण्याची बाटली बरोबर न आणणारा. माणशी साधारण 55 ते 60 सेंटिमीटर रुंदी. म्हणून जाणती माणसं छापलेल्या आकड्यातून एक वजा करतात. चारचा तंबू म्हणजे ऐसपैस तिघांचा. पाच जणांना सहाचाच हवा.

सहाचा मी पाहिला होता. बोगद्यासारखा लांब, आत उभं राहता येईल असा. पण त्याच्या कमानी आपल्या आपण उभ्या राहत नाहीत. एकाने कमान धरून ठेवायची, दुसऱ्याने टोकाला जाऊन खुंट्या ठोकून ताण द्यायचा. वजन सोळा किलो.

"तो उभा करायला दोन माणसं लागतात," मी म्हटलं.

"मी आहे की."

मी काही बोलले नाही. तेही क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "रजेत म्हणतोय मी."

त्या रात्री मला झोप लागली नाही. तंबूसाठी कोण जागं राहतं! पण मला कळत होतं की चारचा घेतला तर ते एक प्रकारे लिहून दिल्यासारखं होणार होतं. आणि सहाचा घेतला, तर त्यांची रजा मे-जूनमध्ये येते, म्हणजे कोकणात एक तर घामाच्या धारा नाही तर पाऊस. तंबू माळ्यावर पडून राहणार आणि मुलं कायम "अब्बा आले की" म्हणत मोठी होणार. असल्या "आले की"च्या वस्तू आमच्या घरात आधीच पुष्कळ आहेत.

पुण्याच्या एका दुकानात तंबू उभे करून ठेवलेले असतात. मुलीला घेऊन तिथे गेले. विक्रेता मुलगा चांगला होता, पण दर दोन वाक्यांनी म्हणायचा, "सर आले की त्यांना दाखवा." तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मुलगीच बोलली, "दादा, सर यायला दीड वर्ष आहे."

मग त्याने मन लावून दाखवलं. पहिला तंबू फेकला की उघडणारा. खरोखर हवेत टाकला आणि जमिनीवर तयार पडला. मुलगी खूश. मी त्याला म्हटलं, आता घडी करून दाखव. त्याने केली, पण त्यालाही दोनदा करावी लागली. शिवाय घडीची जी तबकडी होते ती मोठ्या परातीपेक्षाही मोठी. आमच्या जुन्या वॅगन-आरच्या डिकीत ती बसणार कुठे?

दुसरा नेहमीचा घुमटाकार. दोन लवचीक फायबरच्या काठ्या एकमेकींवरून तिरप्या ओवायच्या आणि टोकं कोपऱ्यांत अडकवायची. स्वस्त, हलका, गुंडाळी लहान. काठी मोडली तर बदलता येते. तुमच्या घरी दोन धडधाकट माणसं असतील तर डोळे मिटून हाच घ्या. पण मी दारातून आत गेले ती रांगत, आणि मला आठवल्या सासूबाई. त्यांचे गुडघे गेलेत, नमाज खुर्चीवर बसून पढतात. उभारायला सोपा आणि आत शिरायला सोपा हे तंबूचे दोन वेगळे गुण आहेत, हे तेव्हा लक्षात आलं. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी आधी दाराची उंची मोजावी.

तिसरा छत्रीच्या जातीचा. काठ्या आधीपासून कापडाला जोडलेल्या, वर मधोमध एक सांधा. पसरायचा, सांधा वर ओढायचा, मग चारी पाय एकेक करून लांबवायचे. खटका वाजला की पाय बसला. तळ आठ फूट बाय सात, मधली उंची जेमतेम पाच फूट. मला वाकावं लागत होतं. सासूबाईंची उंची चार फूट दहा. आकडा : 4.

मी कापड पाहिलं. पाण्याचा दाब किती सोसतं ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. यावर 2000 होतं, थंडीतल्या दवाला आणि एखाद्या सरीला पुरेसं. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली होती, कारण पाणी कापडातून कमी आणि सुईच्या भोकांतून जास्त येतं. वरचं कापड वेगळं, आतलं जाळीचं वेगळं. 8,700 रुपये दिले. बिलावर सही करताना हात थोडा जड झाला होता, पैशामुळे नाही.

घरी आल्यावर गच्चीवर सराव केला. पहिल्यांदा पंचवीस मिनिटं, एक पाय उलटा. दुसऱ्यांदा बारा. चौथ्यांदा सहा, मुलीने खटके मोजले. ते व्हिडिओवर पाहत होते. चारचा आहे हे त्यांना दिसलंच असणार. म्हणाले, "सांधा मजबूत आहे ना, हलवून बघ." मग म्हणाले, "त्याच्याबरोबर आलेल्या खुंट्या टाकून दे. काडीसारख्या असतात, मुरुमात वाकतील. लोहाराकडून दहा इंची लोखंडी मेखा करून घे."

मेख! मराठीच्या तासाला मी दर वर्षी "खरी मेख इथेच आहे" शिकवते. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना मेख म्हणजे खिळा, खुंटी, हे ठाऊक असतं. वाक्प्रचार डोक्यावरून जातो. मराठी माध्यमाच्या मुलांचं उलट, वाक्प्रचार येतो आणि मेख कधी पाहिलेली नसते. उर्दूतली तनाब आणि मराठीतला तणावा म्हणजे तंबूची दोरी, तीही अशीच दोन्ही घरी नांदते. त्या वर्षी आठवीच्या वर्गात मी लोहाराची मेख घेऊन गेले होते. वाक्प्रचार एका मिनिटात कळला.

26 तारखेला घाटात गाड्यांची रांग, महाबळेश्वरात त्याहून मोठी. तंबूची पिशवी चार फूट लांब, ती मागच्या सीटपुढे पायांखाली आडवी. मुलं दोन्ही पाय वर घेऊन बसलेली. तापोळ्याला पोचायला पावणेसहा झाले. सूर्य डोंगराला टेकत आलेला, पाण्यावरून गार वारा सुटलेला, आणि सासूबाईंना मगरिबच्या आधी वुजू करून बसायचं होतं. सोप्या तंबूची किंमत अशा वेळी कळते. शेजारी पुण्याचं एक कुटुंब घुमटाच्या काठ्या घेऊन भांडत होतं, कोणती काठी कुठल्या बोगद्यात यावरून. मी सांधा ओढला, मुलीने पाय लांबवले. एक खटका वाजेना. कापडाची दुमड आत अडकली होती, ती सोडवण्यात दोन मिनिटं गेली.

दार वाऱ्याकडे पाठ करून. मेखा सरळ नाही, तिरप्या, डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं. दोरी सैल नको आणि सतारीसारखी ताठही नको. हे सगळं मला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. धाकटा दगडाने मेख ठोकत होता आणि बापाच्याच सुरात मला सांगत होता, "अम्मी, तिरपी, तिरपी." जमीन इतकी कडक होती की बरोबर आलेल्या खुंट्या खरोखर काडीसारख्या वाकल्या असत्या. अजान नव्हती, पण उजेड होता. सासूबाईंची खुर्ची मावळतीकडे तोंड करून मांडली.

जेवणानंतर सासूबाई म्हणाल्या, "कोळशाची शेगडी आत ठेवू या, रात्रभर ऊब राहील." मी नको म्हटलं तर ऐकेनात. शेवटी मुलालाच फोन लावून दिला. तिकडे साडेसहा झाले होते, मगरिब केव्हाच होऊन गेलेली. ते मालकाच्या तंबूंपाशीच होते. म्हणाले, "मा, बंद तंबूत कोळसा कधीच नाही. झोपलेला माणूस उठत नाही. इथे थंडीत अशा बातम्या येतात." सासूबाईंनी शेगडी परत पाठवली. मग त्यांनी वाऱ्याच्या खिडक्याही बंद करून टाकल्या, आणि पहाटे चौघांच्या श्वासांचं पाणी छतावर जमून टपटप आमच्या तोंडावर पडलं. थंडी असली तरी वरची जाळी थोडी उघडी ठेवायची, हे मला त्या थेंबांनी शिकवलं.

पण ते पहाटेचं. रात्री फोन चालू होता. मुलगी तंबूत फोन फिरवून दाखवत होती : ही दादी, ही अम्मी, हा मी मारलेला खटका. चार गाद्यांनी तळ भरून गेला होता. धाकटा म्हणाला, "अब्बा, तुम्ही आलात की कुठे झोपणार?"

मी मुलीच्या हातून फोन घ्यायला गेले. तेवढ्यात ते हसले. "ड्रायव्हर गाडीतच झोपतो," म्हणाले. "इकडे पण तिथेच झोपतो ना."

मुलंही हसली. चौदा वर्षांत तंबूंचे इतके फोटो आले, पण आपण स्वतः कुठे झोपतो ते त्यांनी कधी दाखवलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. त्यांच्या मागे लाल नक्षीचा तंबू दिव्यांनी उजळला होता. कुणीतरी हाक मारली, आणि फोन बंद झाला.

परत आल्यावर तंबू दोन दिवस गच्चीवर वाळवला. ओला गुंडाळला तर बुरशी धरते आणि वास जात नाही. त्यानंतरच्या आठवड्यात बाजारातून दहा बाय बारा फुटांची ताडपत्री आणली, चार कड्या जास्तीच्या ठोकून घेतल्या, लोहाराकडून आणखी चार मेखा. एक कड गाडीच्या कॅरिअरला बांधायची, दुसरी तंबूच्या दारावर. मधे जी ओसरी होते तिची लांबी मी गच्चीवर टेपने मोजली. सात फूट. ते पाच फूट आठ इंच आहेत.