भांडण कुणाचं, ओटा कुणाचा?

दिवाळीत गंगाखेडला गेलो होतो. संध्याकाळी काकांच्या ओट्यावर गप्पा, आणि गप्पा म्हणजे राजकारण. परभणी जिल्ह्यात दुसरा विषय असतो का राव? या वेळी विषय होता छगन भुजबळ.

काका म्हणाले, "ह्या माणसाला दुश्मनांनीच मोठं केलं बघ. अन् पाडलं बी त्यांनीच."

परतीच्या गाडीत झोप येईना, म्हणून हिशोब मांडला.

भायखळ्याच्या मंडईत भाजी विकणारा हा माणूस १९८५ला मुंबईचा महापौर झाला. १९८६ला सीमाप्रश्नासाठी वेष पालटून बेळगावात घुसला. १९९०ला शिवसेनेचे ५२ आमदार आले, पण विरोधी पक्षनेतेपद मिळालं मनोहर जोशींना. त्यात मंडलवरून मतभेद. डिसेंबर १९९१मध्ये भुजबळ काही आमदार घेऊन बाहेर पडले. गंमत बघा, सेनेचं संख्याबळ घटलं आणि ते पद गेलं भाजपच्या गोपीनाथ मुंडेंकडे, म्हणजे आमच्या शेजारच्या परळीला! भांडले दोघे, पावलं तिसऱ्यालाच.

१९९५ला माझगावात सेनेच्या बाळा नांदगावकरांनी त्यांना पाडलं. १९९७ला सैनिकांनी बंगल्यावर हल्ला केला. पण प्रत्येक घावानंतर भुजबळांचं वजन वाढतच गेलं. १९९९ला ते उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री झाले, आणि जुलै २०००मध्ये थेट बाळासाहेबांना अटक! मुदत उलटून गेल्याने कोर्टाने प्रकरण त्याच दिवशी निकाली काढलं, ते सोडा.

मग उलटा फेरा. डिसेंबर २००३मध्ये राष्ट्रवादीच्याच कार्यकर्त्यांनी एका वाहिनीचं ऑफिस फोडलं आणि भुजबळांना राजीनामा द्यावा लागला. तेलगी प्रकरणाचा दबाव आधीच होता. मार्च २०१६मध्ये ईडीने अटक केली, जामीन मिळाला थेट मे २०१८ला. (महाराष्ट्र सदन प्रकरणात २०२१ला विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं, हेही सांगायला हवं.) आणि २०१९ला शिवाजी पार्कावर शपथ कुणाबरोबर घेतली? उद्धव ठाकरेंबरोबर.

२०२३ला नवा सामना सुरू झाला, मनोज जरांगेंशी. डिसेंबर २०२४मध्ये मंत्रिपद हुकलं, मे २०२५मध्ये पुन्हा मिळालं.

इथवर हिशोब जुळला. पण एक आठवलं आणि वही मिटली.

काकांच्या ओट्यावर पूर्वी शेजारचे आण्णा रोज बसायचे. काका ओबीसी, आण्णा मराठा. चाळीस वर्षांत कुणी जात काढली नव्हती. २०२३च्या हिवाळ्यात काढली, आणि आण्णा यायचे बंद झाले. या वेळी मी त्यांच्या घरी फराळाचं ताट घेऊन गेलो. आण्णांनी चिवडा खाल्ला आणि हळूच विचारलं, "तुझे काका बरे हायेत ना?"

नेत्यांची भांडणं एका शपथविधीत मिटतात हो. ओट्यावरची कोण मिटवणार?

असो. काकांना फोन करून आण्णांचा निरोप सांगितलाय. ते काही बोलले नाहीत, पण फोन ठेवलाही नाही.