जोत्यावर थांबलेलं घर

मीरा रोडच्या शांतीनगरात मान वर करून पाहिलं, तर इमारतींचा मूळ नकाशातला चेहरा क्वचितच दिसतो. बाल्कनीला ग्रिल, ग्रिलवर पत्रा, पत्र्याखाली कुंड्या, सायकल, कुणाची अभ्यासाची खुर्ची. जाणकार याला विद्रूपीकरण म्हणतात. मला ते पटत नाही. 2001 ते 2011 या दहा वर्षांत मीरा-भाईंदरची वस्ती सव्वापाच लाखांवरून आठ लाखांवर गेली. वन रूम किचनमध्ये मुलं दहावीला आली, गावाहून आजी आली. नकाशा मात्र पझेशनच्या दिवशीच संपलेला. दोष राहणाऱ्याचा नाही, घर पुरं झालं असं मानणाऱ्याचा आहे.

घर कधी पुरं होत नाही, ही गोष्ट वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींनी आयुष्यभर धरून ठेवली. 1927 साली पुण्यात, लाकूडकाम करणाऱ्या एकत्र कुटुंबात ते जन्मले. माणसं वाढतील तसं त्यांचं घर वाढत गेलं. पुढे वास्तुकलेच्या शिक्षणासाठी मुंबईचं जे. जे., मग पॅरिसला वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिएंकडे उमेदवारी. एवढं शिकूनही इंदूरच्या अरण्य वसाहतीत, सुमारे साडेसहा हजार भूखंडांच्या आराखड्यात, त्यांनी गरिबांना तयार घर दिलंच नाही. जोतं, नळ आणि संडास दिला. भिंती ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे चढवायच्या. नमुन्यादाखल बांधली ती फक्त 80 घरं. नव्वदीत, 2018 मध्ये, वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला तेव्हाही ते कामातच होते.

कुणी म्हणेल, अरण्य जमिनीवर होतं, इथे इमारती आहेत. चौथ्या मजल्यावर घर वाढवणार कुठे? प्रश्न रास्त आहे. हौसेपायी कॉलम फोडणाऱ्याची बाजू कुणीच घेणार नाही. पण दोशींनी 1973 मध्ये अहमदाबादेत आयुर्विमा महामंडळासाठी घरांवर घरं रचूनच दाखवली: खालचं मोठं, वरचं लहान, म्हणजे वरच्यांनाही मोकळी गच्ची. लोकांनी पुढे तिथे खोल्या काढल्या, आणि दोशींना त्याचा आनंद वाटला. वाढ आधीच हिशेबात धरली, तर ती धोक्याची ठरत नाही. चोरून करावी लागते तेव्हा ठरते.

मीरा-भाईंदरमधल्या जुन्या इमारती आता पुनर्विकासाला निघाल्यात. सोसायटीच्या सभेत कार्पेट एरियावर तासन् तास घासाघीस होते. नव्या बाल्कनीची स्लॅब उद्या किती भार पेलेल, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.