सोडलेल्या शेतांवरचे रान

साताऱ्याच्या पश्चिमेस, शिवसागर जलाशयाच्या पैलतीरी, वासोट्याच्या पायथ्याशी जे दाट रान आहे त्यास पदभ्रमणाची आवड असलेले पुष्कळ जण 'आदिम अरण्य' म्हणतात. आम्हां बडोदेकर मंडळींचा या विशेषणास विरोध आहे. कड्याखालच्या घळींतले रान जुने आहे, हे खरे. परंतु पाण्यालगतच्या उतारांवर आणि सपाटीवर एके काळी नाचणी-वरीची शेते होती, गुरे चरत होती. १९६० नंतरच्या काही वर्षांत कोयना धरणाचे पाणी चढले, भाताची खाचरे बुडाली आणि माणसे उठली. कोणी ठाणे-कुलाब्याकडे गेली, कोणी सोलापूरकडे. पुढे १९८५ साली कोयना अभयारण्य झाले, २०१० साली चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत या डोंगरांचे नाव लागले. पायवाटेने चालताना झाडीत घरांची जोती दिसतात, ती या कागदपत्रांच्या आधीची आहेत.

या पडीक शेतांवर झाडे आपोआप कशी आली, हे पाहण्याजोगे आहे. नांगर थांबला की प्रथम गवत माजते, आणि दरसाल वणवा लागत राहिला तर गवताच्या पुढे काही जात नाही. वणव्यातून टिकतो तो जाड सालीचा कुंभा. बुंधा काळा पडला तरी वैशाखात त्यास पालवी फुटते. मग धायटी येते, करवंद येते. करवंदाची जाळी म्हणजे काट्यांचे कुंपणच. गुरांचे तोंड आत पोचत नाही, जाळीखाली ओल टिकते, वर बुलबुल येऊन बसतात आणि त्यांच्या विष्ठेतून पडलेले बी तेथेच रुजते. जाळीतून वर डोके काढणारे जांभळाचे वा अंजनीचे रोप पाहिले की आम्हांस सुईणीच्या हातातले मूल आठवते. काही वर्षांनी त्याच झाडाच्या सावलीत करवंद खुरटते, कारण त्यास ऊन हवे असते. फांदीला फांदी भिडली, छत जुळले, म्हणजे शेकरू दिसू लागते. ते जमिनीवर सहसा उतरत नाही, म्हणून त्याचे येणे हीच रान पुरे झाल्याची पावती.

बी येते कोठून? पहिले उत्तर सोपे आहे: घळींतल्या जुन्या रानातून. दुसरे उत्तर आम्हांस अधिक जवळचे वाटते. उठून गेलेल्या लोकांनी अंगणापुढे, बांधावर आंबे-फणस लावलेले होते. उघड्या माळावर बसावयास उंच फांदी हीच. पक्षी तेथे बसले, उदमांजरे फळांसाठी तेथे आली, आणि पोटातून आणलेले रानाचे बी त्यांनी त्या झाडांखाली टाकले. ज्यांना जावे लागले त्यांच्याच झाडांपाशी रानाने पहिले पाऊल टेकले.

हे सारे पाहिल्यावर पावसाळ्यातले वृक्षारोपणाचे समारंभ आम्हांस काहीसे केविलवाणे वाटतात. जवळ जुने रान उभे असताना वणवा आणि चराई आवरली, तर खड्डे खणण्याची गरजच क्वचित पडते. परदेशी बाभळीची रोपे ओळीने लावून हिरवळ दिसते, पण तिच्यात अंजनी-पिशाची सावली नसते. आणि प्रत्येक उघडी जागा भरून काढावी, असेही नाही. जांभ्या खडकाच्या सड्यावर मातीच बोटभर. तेथे पावसाळ्यात इवल्या फुलांचे गालिचे अंथरले जातात, त्यांत खड्डे खणणे म्हणजे शुद्ध अडाणीपणा. जुन्या शेतांपैकी काहींवर गवत राहिले, तर गवे आणि सांबरे चरावयास बाहेर येतात. रान सगळीकडे मिटून गेले तर त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

आम्हां दूरस्थ घराण्यांना आणखी एक गोष्ट टोचते. आमचे पूर्वज गायकवाडीत आले ते चाकरीसाठी, आपखुशीने. सुटीत परत जाऊन पाहावे असे वाड्याचे जोते आमच्यापैकी काहींना अजून सापडते. या लोकांना तसे निघता आले नाही. 'अस्पर्श' हा शब्द त्यांच्या जोत्यांवरून फिरवला की रानाच्या गुणगानात त्यांचा उल्लेखही शिल्लक राहत नाही. रान आले याचा आम्हांस आनंद आहे. त्या आनंदाचे मोल कोणी भरले हे मात्र वाटाड्यांनी सांगावे, आणि वनखात्याच्या फलकांवरही लिहावे.

बामणोलीहून आम्हांस नेणारे नाववाले मामा स्वतःहून फारसे बोलत नाहीत. मागल्या पौषात आम्ही त्यांना एका हिरव्या उताराकडे बोट दाखवून विचारले, "मामा, हे रान किती जुने असेल?" त्यांनी यंत्र मंद केले आणि उताराकडे न पाहताच सांगितले, "खालच्या अंगाला आमचं खळं व्हतं. त्या फणसाच्या डावीकडं चुलत्याचं घर. तिथनं वर सगळी नाचणी." मग पाण्याकडे हात करून म्हणाले, "आन् भात हितं."