लाटा आणि गुडघे

न्यू जर्सीतल्या आमच्यासारख्या घरांत झोपायच्या खोल्यांना भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट असतं, आणि काही वर्षांनी त्यावर लाटा उठतात. पाय अडखळतो, पलंगाशेजारी फुगवटा दिसतो. अशा वेळी माझं मत ठाम असायचं: कार्पेट संपलं, उचलून टाका, लाकडी फरशी करून घ्या. कितीतरी मैत्रिणींना मी हेच सांगितलं. आता मी तसं सांगत नाही.

मत बदललं ते हे कार्पेट खोलीत टिकून कसं राहतं, ते समजल्यावर. बहुतेक घरांत ते जमिनीला चिकटवलेलंच नसतं. भिंतीलगत लाकडी पट्ट्या ठोकतात, त्यांतून बारीक खिळ्यांची टोकं भिंतीच्या दिशेने तिरपी वर आलेली असतात. कार्पेट ताणून त्यांवर अडकवायचं. मधे खाली नुसतं पॅड. म्हणजे पखवाजाच्या पुडीसारखा सगळा खेळ ताणाचा. तो सुरुवातीलाच कमी दिला असेल, तर वरचा धागा कितीही चांगला असो, वावरून आणि जड सामान ओढून कार्पेट सैल पडणारच. खालचं पॅड फार जाड आणि मऊ असेल तर आणखी लवकर.

ताण देण्यासाठी पॉवर स्ट्रेचर असतो: लांब नळ्या, एक टोक समोरच्या भिंतीला टेकवलेलं, दुसऱ्या टोकाला कार्पेट पकडणारे दात. दांडा दाबला की अख्ख्या खोलीचं कार्पेट सरकतं. साधारण एक ते दीड टक्का, म्हणजे बारा फुटांच्या खोलीत दीड-दोन इंच. तेवढ्यात लाटा जातात. वाढलेली कड कापून पुन्हा खिळ्यांवर बसवली की झालं.

पण नळ्या जोडायला वेळ लागतो, म्हणून पुष्कळदा सगळं काम नी-किकरवर उरकतात. हे छोटं हत्यार हाताने धरून त्याच्या गादीवर गुडघ्याने जोरात धक्के मारायचे. कडाकोपऱ्यांना ते ठीक. मोठ्या खोलीला त्याचा ताण पुरत नाही. आणि जो मारतो त्याच्या गुडघ्याचं काय? नायॉश या अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने १९९० साली याबद्दल इशारा काढला होता. कार्पेट बसवणारे तेव्हा देशातल्या एकूण कामगारांच्या ०.०६ टक्क्यांहूनही कमी, पण गुडघ्याच्या इजेपोटी केलेल्या भरपाईच्या दाव्यांत त्यांचा वाटा ६.२ टक्के. हे वाचल्यावर मला लाटांकडे पूर्वीसारखं बघताच येईना. अपुरा ताण आणि कुणाचे तरी झिजलेले गुडघे एकाच घाईतून येतात.

प्रत्येक लाट ताणून जात नाही, हेही खरं. कार्पेटच्या पाठीचे दोन थर लॅटेक्सने जोडलेले असतात; तो जोड सुटला असेल तर ताणण्यात अर्थ नाही, तिथे माझा जुनाच सल्ला लागू पडतो. पाण्याने धुतल्यावर उठलेल्या लाटा मात्र बऱ्याचदा वाळल्यावर आपणच बसतात, तेव्हा आधी नीट वाळू द्यावं.

बाकी घरांसाठी मी आता ताणून घ्या म्हणते. कारागिराला पैशांचं विचारण्याआधी पॉवर स्ट्रेचर आणणार का ते विचारा, आणि त्याचे जादा मागितले तर घासाघीस करू नका.